पुण्याच्या बाई

डब्यात भरण्याआधी प्रत्येक लाकडी कोडं तीच एकदा जुळवून बघायची. आज हत्तीची सोंड काही बसेना. नवऱ्याचा हात थरथरू लागल्यापासून एकही कोडं नीट जुळत नव्हतं.

तरीही तिनं नेहमीसारखी कडुलिंबाची पानं घालून डबा बंद केला आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवून दिला.

“हत्ती गेला?” जेवताना त्यानं विचारलं.

“केव्हाच! पुण्याच्या बाईंनी नेला. आणखी असतील तर ठेवा म्हणाल्या.”

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली, तर तो उघड्या ट्रंकेपुढे बसलेला, मांडीवर हत्तीचा डबा. ती आवाज न करता दारातूनच मागे फिरली.

संध्याकाळी त्यानं नवा मोर तिच्यापुढे ठेवला.

“हाही पुण्याच्या बाईंनाच दे,” तो म्हणाला. “त्या फार जपून ठेवतात.”