झऱ्यापर्यंत

"एक, दोन, तीन," म्हणत तिने आणि नाववाल्याने मिळून तिच्या सुतार नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून उचललं आणि कायाकमध्ये, एकट्याने वल्हवायच्या त्या अरुंद नावेत, बसवलं. तिने त्याचे पाय एकेक करून आत सरळ ठेवले, पाठीशी उशी खोचली, लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. दोन वर्षांपूर्वी छपराचं काम करताना तो खाली पडला होता. कमरेखालचं सगळं तेव्हाच गेलं. तेव्हापासून त्याला उठवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं तिच्याकडे, आणि वर पोस्टातली नोकरी. लोक म्हणत, "कमाल आहे बाई तुमची." ती हसून वेळ मारून नेई.

कायाकचं खूळ त्याचंच. महिनाभर त्याने पाठ सोडली नाही, तेव्हा कुठे ती तयार झाली. घरात कोंडून पडलाय बिचारा, एवढी हौस पुरवू या, असा तिचा विचार.

ती दुसऱ्या कायाकमध्ये बसली आणि नाववाल्याने दोन्ही पाण्यात ढकलल्या. नदी झऱ्यांवर वाहणारी. पाणी थंडगार, आणि तळाचा गोटा न् गोटा दिसेल इतकं नितळ. ती घाईघाईने वल्हं मारत त्याच्या बरोबरीला यायला बघत होती आणि तो दर वेळी चार हात पुढेच. खुर्चीची चाकं ढकलून त्याचे दंड चांगले भरले होते. तिच्या वल्ह्याचं पाणी मात्र तिच्याच मांडीवर सांडत होतं.

"अहो, फार लांब नको!"

तो डावीकडच्या ओढ्यात वळला. पुढे ओढ्याला दोन फाटे फुटले. त्याने अरुंद होता तोच धरला. पुलावरच्या गाड्या, काठावरची माणसं, सगळ्यांचे आवाज मागे पडले.

"आता पुरे! दमाल तुम्ही!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. तिचं डोकंच फिरलं. नाव उलटली तर याला काढणार कोण? रागारागाने तिने वल्हं हाणलं, आणि तिची कायाक आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांत घुसली. पुढे जाईना, मागे येईना. एका अंगाला कलली आणि भसकन पाणी आत आलं. ती किंचाळली.

"हलू नकोस." तो उलटा वल्हवत येऊन पोचलाही होता. "वल्हं मांडीवर आडवं ठेव. माझ्याकडे बघ."

तिच्या कायाकचा दोर त्याने आपल्या कायाकला बांधला आणि सारा जोर लावून वल्हवलं. तिसऱ्या हिसक्याला ती सुटली. दोर तसाच ठेवून तो तिला ओढत पुढे निघाला.

ओढा संपला तिथे झरा होता. तळातून पाणी वर येत होतं आणि बारीक वाळू जागच्या जागी नाचत होती. इथे धार नव्हती, वल्हवायचं काम नव्हतं. दोन्ही कायाक शेजारी शेजारी तरंगत राहिल्या. तिने त्याच्या पाठीमागची उशी चाचपली.

"नीट आहे ती," तो म्हणाला.

तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्याला तहान नव्हती. मग तिचे हात रिकामेच पडले. ते कुठे ठेवावेत तेच तिला कळेना.

"मी दमलेय हो," ती म्हणाली. "फार दमलेय." आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. "नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं."

त्याने हात लांबवून तिचा हात तोंडावरून खाली घेतला.

"रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस, ते मला ऐकू येतं," तो म्हणाला. "इथे मोठ्याने रड. त्यासाठीच तर आणलंय तुला."