वरून चढवलेली साखळी

साखळी मागाहून रंगवलेली होती. मधुवंतीने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. शंकाच नव्हती. बाईच्या गळ्यात आधी नुसती काळी फीत होती. सोनेरी साखळी दुसऱ्याच हाताने वरून चढवली होती.

चित्र जेमतेम अंगठ्याएवढं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या एका बूट शिवणाऱ्याच्या बायकोचं. त्या काळी तिथले दुकानदार, कारकून, कारागीर गावोगाव फिरणाऱ्या चित्रकारांकडून असे इवलेसे चेहरे काढून घेत. आपणही कुणीतरी आहोत, हे चारचौघांना दिसावं म्हणून.

अदितीच्या नवऱ्याने ते बॉस्टनला गेला असताना लिलावात घेतलं होतं. कडेचा रंग सुटायला लागला, तेव्हा अदितीने ते मधुवंतीकडे आणलं. दोघी पुण्याला एका बाकावर शिकलेल्या. आता दोघी परदेशातल्या एकाच शहरात होत्या; अदिती तरणतलाव असलेल्या महागड्या संकुलात, काँडोत राहत होती आणि मधुवंती क्लेमेंटीच्या साध्या वस्तीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून लोकांची जुनी चित्रं दुरुस्त करत होती. अदितीचं सगळंच तिला खुपायचं. काँडो, नवऱ्याची रॅफल्स प्लेसच्या बड्या बँकेतली नोकरी, अगदी तिचं मोकळं हसणंसुद्धा. आज पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं होतं.

"तुझी बाई खोटारडी निघाली गं," ती शेजारी उभ्या असलेल्या अदितीला म्हणाली. "साखळी तिची नाहीच. मिरवायला नंतर काढून घेतलीय. एका दुपारचं काम आहे, पुसून टाकते."

आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

अदिती चित्रावर वाकली.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात माझ्या गळ्यातला हार तरी कुठे माझा होता? काकूंचा होता."

"कुठल्या काकू?"

"तुझी आई. माझ्या बाबांची नोकरी गेलेली, सासरची माणसं हॉलमध्ये येऊन बसलेली. काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतःच्या गळ्यातला काढून घातला. तू नव्हतीस. तुझी परीक्षा होती ना."

मधुवंतीची परीक्षा नव्हती. तिला जावंसं वाटलं नव्हतं. लग्नाचे फोटोही तिने कधी उघडले नव्हते.

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

अदितीने मान वर केली नाही.

"काकूंनीच शपथ घातली होती. म्हणाल्या, मधूला कळू देऊ नकोस. तिला तुझं चांगलं झालेलं बघवत नाही."