कल्ल्याखालचा ठोका

जेवायच्या टेबलावर मेलेला शार्क मांडणारी लेक आपल्याच पोटची, याची आईला मनस्वी चीड आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते म्हणून काय घराचा खाटीकखाना करायचा?

"तुझ्या बापाने जन्मभर मासे धरले, पण असा पाहुणा करून कधी बसवला नाही."

"रक्त नाही गं त्यात, आई. रक्तवाहिन्यांत रंगीत रबर भरलंय. ही बघ, हृदयातून कल्ल्यांकडे जाते. लाव हात, दगडासारखी झालीय."

नाक मुरडत आईने बोट टेकवलं. वाहिनी थंडगार आणि टणक होती. मग त्या वाहिनीच्या आत ठोका पडला. लगेच दुसरा पडला, आणि तिसऱ्याला खाडा. पुन्हा दोन, पुन्हा खाडा.

असं अडखळणारं मनगट तिने एकाच माणसाचं धरलं होतं. तो होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. अजूनही झोपेत तिची बोटं उशीवर तेच मनगट चाचपत.

"सरक आता," लेकीने सुरी उचलली, "कल्ला कापून वाहिनी मोकळी करते."

आईने बोट हलवलं नाही. दुसऱ्या हाताने अंगावरची शाल काढून तिने शार्कवर पांघरली.

"सुरी ठेव खाली. तुझ्या बापाला गारठा सोसत नाही, आणि तू त्यांना उघडं टाकलंस."