न धुतलेल्या बाटल्या

"आजही नाही," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. अंधारखोलीत अतिनील दिव्याखाली गबाळीचा नवा रेणू बाटलीतल्या द्रावणात ढिम्म बसला होता. प्रकाश म्हणून औषधालाही नव्हता.

या संशोधक विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत सगळे गबाळीच म्हणत. फसलेल्या प्रयोगाची बाटली ती कधी वेळेवर धूतच नसे. "उद्या धुते," म्हणत टेबलाखालच्या टबात टाकून द्यायची. टब आता काठोकाठ भरला होता.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांसाठी थोड्या विजेत लख्ख उजळणारा निळा रेणू घडवायचा, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता. त्यासाठी रेणूला दोन्ही बाजूंना पंख जोडून झाले, पंख बदलून झाले. कागदावर तो मोठा देखणा दिसे. द्रावणात गेला, की मिळालेली सगळी ऊर्जा पंख गरागरा फिरवण्यातच उधळून टाकी.

मॅडमनी खोलीतला बल्ब लावला. "पुरे झालं आता. उद्यापासून दुसरा विषय घे." मॅडमना स्वतःलाच वाईट वाटत होतं, म्हणून आवाज जरा जास्तच चढला. "आणि जाण्याआधी तो उकिरडा धुऊन काढ! एक बाटली दिसता कामा नये मला."

त्या तरातरा बाहेर गेल्या. गबाळीचे डोळे भरून आले. "पेटला का गं तुझा दिवा?" आई रोज फोनवर विचारायची. आज तिला काय सांगायचं?

तिने टब उचलून टेबलावर, दिव्याखाली ठेवला. अतिनील दिवा बंद करायला गेली आणि बटणाकडे न बघताच कोपराने खोलीतला बल्बच बंद केला. अतिनील दिवा तसाच चालू राहिला. गबाळीच ती!

टब निळाभोर उजळला.

बाटल्यांमधलं द्रावण कधीच उडून गेलं होतं. काचेवर उरला होता रेणूंचा सुका, पातळ थर. तिथल्या दाटीवाटीत पंख फिरवायला जागाच नव्हती, मग ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडली. पडद्यात तरी दुसरं काय असतं? असाच सुका थर. पण तपासायचं ते द्रावणातच, अशी सगळ्यांना सवय जडलेली.

"मॅडम! अहो मॅडम!"

काहीतरी फुटलं असं समजून मॅडम धावत आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या पांढऱ्या केसांवरही निळाई पसरली होती. त्या रागावल्या असं वाटून गबाळी भांबावली आणि टब घेऊन सिंककडे वळली.

"धुते हं, आत्ता लगेच धुते."

मॅडम दोन्ही हात पसरून सिंकपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"खबरदार, एकाही बाटलीला पाणी लावशील तर!"