कामाचा वेळ

विद्यापीठात व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलीला सरांनी एखाद्या कामगाराच्या कामाचा वेळ मोजून अहवाल लिहायला सांगितलं. तिने आईलाच निवडलं. आई कोटांच्या कारखान्यात हाताने बटणं शिवायची. मुलगी स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसली. सुईत दोरा ओवतानाच आई तीनदा चुकली. "घाबरू नकोस गं, नेहमीसारखंच शिव." "हे नेहमीचंच आहे," आई हळूच म्हणाली. "नजर साथ देत नाही. पण तू खरं तेच लिही." मुलीने लिहिलं: इतरांच्या दुप्पट वेळ. सरांनी वर्गात अहवाल वाचून दाखवला. कारखान्याच्या मॅनेजरनेही एक प्रत मागून घेतली. पुढच्या सोमवारी आई सकाळीच घरी परतली. तिला कामावरून काढलं होतं. मुलीला रडू आवरेना. आईने तिला जवळ घेतलं. "रडतेस काय? साहेब तुझं कौतुक करत होते. शिक्षण झालं की मुलीला आमच्याकडेच पाठवा म्हणाले."