साक्षीदाराचा रकाना

"हातमोजे मालकानं दिले होते का?" मानवी हक्क आयोगाच्या तक्रार-खिडकीतल्या बाईंनी अर्जावरची नजर न हलवता विचारलं.

"नाही," टेलरची बायको म्हणाली. "यांनी शिवले."

बाईंनी चष्म्यावरून 'यांच्या'कडे पाहिलं. टेलर दोन पावलं मागे उभा होता. कचेरीत नवरे उभे राहतात तसा, सोबतही आणि नामानिराळाही. तो पुढे झाला, पिशवी उघडून त्यानं खिडकीच्या फळीवर सात जोड मांडले. कापलेले हात मांडावेत तसे दिसले ते. रांगेतला मागचा माणूस अर्धं पाऊल सरकला.

अर्जातली हकीकत सरळ होती. ती अकरा वर्षं बेकरीच्या काउंटरवर पाव विकत होती. हातांवर कोड उठलं. याची कोणाला लागण होत नाही, असं डॉक्टरनं लिहून दिलं. मालक म्हणाला, मला पटतंय हो, पण गिऱ्हाइकाला कोण पटवणार? हात झाकता आले तर बघा. ती घरी येऊन रडली. रडणाऱ्या बायकोसाठी शिलाई मशीनवाला माणूस जे करणार, तेच टेलरनं केलं. तिच्या दंडाला कापडाचे तुकडे लावून लावून त्यानं नेमका रंग काढला. कामात कसूर ठेवणं त्याला जमायचंच नाही. मोजे इतके हुबेहूब उतरले, की महिन्याभरात गिऱ्हाइकं हळूच विचारू लागली, बाईंचे हात लाकडी आहेत का हो? मालकानं तिला मागे ट्रे धुवायला पाठवलं.

"इथे घोळ आहे," बाई म्हणाल्या. "मालक हात वर करणार. म्हणणार, मी कुठे सांगितलं? नवऱ्यानं हौसेनं शिवले, बायकोनं हौसेनं घातले. झाका म्हणाला, ते दुसऱ्या कोणी ऐकलंय?"

टेलर खाकरला.

"मी. पहिला जोड दाखवायला मीच गेलो होतो. मालक म्हणाला, वा, असे झाकलेत तर राहू दे काउंटरवर. मी म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"थँक्यू."

बायकोनं झटकन वळून पाहिलं. हे तिला आजच कळत होतं.

"तसं लिहून द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "थँक्यूसकट."

"देतो. पण माझं नाव मालकाच्या खाली घाला. तक्रार कोणाविरुद्ध, त्या रकान्यात."

"अहो, काहीतरीच काय!"

"काहीतरी कसलं? तो झाका म्हणाला. झाकले मी."

बाईंचं पेन थांबलं. त्या खिडकीवर माणसं नेहमी दुसऱ्यांची नावं घेऊन यायची. स्वतःचं नाव देणारा हा पहिलाच, आणि त्यासाठी छापील सोय नव्हती.

"ताई, अर्जदार तुम्ही. तुम्हीच सांगा, यांना कुठे बसवू?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. रांगेतल्या माणसांनी घड्याळं बघितली.

"साक्षीदारात घाला," ती म्हणाली. "बाकीचं मी घरी बघते."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. टेलर हसला नाही. त्यानं पेन घेतलं आणि बिलावर लिहायचा तशा बारीक, जागा वाचवणाऱ्या अक्षरात सगळं लिहिलं. थँक्यूशी अडखळला, पण तेही लिहिलं. सही करताना त्याला दोनदा डोळे पुसावे लागले. टेलर लोकांचे डोळे अधू असतातच.

बाईंनी सातही जोड पाकिटात घातले, लाख लावून शिक्का मारला.

"हे आता पुराव्यात जमा. निकाल लागेपर्यंत परत मिळायचे नाहीत. उद्या कामावर काय करणार?"

"संध्याकाळपर्यंत एक जोड मी सहज..." टेलर बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"झाकायचे असते," बायको शांतपणे म्हणाली, "तर इथे कशाला आलो असतो?"

बाहेर लख्ख ऊन होतं. कचेरीच्या पायऱ्या उंच होत्या आणि मशीन मारून मारून टेलरचे गुडघे गेलेले. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. मागे न बघता तिनं हात पुढे केला. मनगटापाशी पांढरा, बोटांपाशी सावळा, मध्ये नकाशासारखा.

गेल्या चार महिन्यांत त्यानं तो सात वेळा मापला होता. धरला आज.