कण वाढले

दाभोळच्या खाडीतून गोवळकोटकडे निघालेली बोट मंदावली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'उत्प्रेरकाचे कण वाढले.'

"वाढले, मग जोर कमी का?" कळा देणाऱ्या बायकोचा हात धरून प्रणितने बोट चालवणाऱ्या द्वारकामावशींना विचारलं.

"बांगडी वाढते ना, तसे वाढले. नाव वाढीचं, पण खरा बिघाड. कण चिकटून मोठे झाले की हायड्रोजनचा सेल दमतो." मावशींनी सेलच बंद केला.

"अहो, बंद काय करता!"

"या नव्या सेलात विसावा मिळाला की कण आपोआप सुटे होतात. तोवर भरती नेतेय आपल्याला."

पाण्यानेच बोट पुढे सरकत राहिली. पडदा हिरवा होताच मावशींनी बटण दाबलं आणि बोट नव्यासारखी उसळली.

धक्क्याला लागताना त्या हसून म्हणाल्या, "जा, आता घरात माणूस वाढू दे. ते वाढणं मात्र खरंखुरं!"